अण्णा शेतात गेलेत

मला नोकरीत सगळ्यात जास्त शिव्या मिळाल्या त्या मंगळाच्या वाटेवरून. त्या खाण्यासाठीच मला पगार होता म्हटलं तरी चालेल.

नांदेडला आमच्या कॉलनीत हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे नेमकं काय करत होता ताई तुम्ही?" लग्नात, बारशात, भाजी निवडताना, सगळीकडे हाच प्रश्न. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. यापुढे कुणी विचारलं की अंक हातात देईन आणि जेवायला बसेन.

मी समुपदेशक. अर्धं आयुष्य सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात गेलं. मग बरीच वर्षं लातूरला, डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांच्या वसतिगृहांत. निवृत्त होऊन गुडघ्यांना तेल चोळत घरी बसले होते, तर एका संस्थेचा फोन आला. बंद जागेत महिनोन्‌महिने राहणाऱ्या माणसांची सवय असलेली बाई त्यांना हवी होती. मी म्हटलं, लातुरात मी दुसरं काय पाहिलं? आठ बाय दहाची खोली, तीन पोरं, एक पंखा आणि डोक्यात एकच तारीख.

काम असं होतं. उदगीरच्या पलीकडे, बोलता बोलता माणूस मराठीतून कन्नडमध्ये कधी शिरतो ते कळत नाही त्या भागात, काळ्या खडकाच्या माळावर संस्थेनं एक यान उभं केलं होतं. उडणारं नव्हे. जागच्या जागी बसलेलं, बिनखिडकीचं, जाड पत्र्याचं. आत झोपायला तीन कप्पे, एक स्वयंपाकाचा कोपरा, एक काम करायची खोली, व्यायामाची सायकल आणि एक संडास, ज्याच्याबद्दल मी पुढे एकदाच बोलणार आहे. तीन माणसांनी आत जायचं, दार लावून घ्यायचं आणि मंगळाकडे निघालोय असं समजून आठ-नऊ महिने राहायचं. गावातले लोक त्याला आभाळाचा डबा म्हणायचे. अजून म्हणतात.

यंत्रं तपासायची तर ती प्रयोगशाळेत तपासता येतात. माणसाचं तसं नसतं. मंगळाला जायला जितके महिने लागतात तितके महिने रोज तीच दोन तोंडं पाहायची. ऊन नाही, वारा नाही, नवा माणूस नाही. सकाळ झाली हे घड्याळानं सांगायचं. चंद्रावर गेलेल्या माणसाला मागे वळलं की पृथ्वी मोठी दिसते. मंगळाच्या वाटेवर ती लहान होत होत एक ठिपका होते आणि आपलं सगळं गणगोत त्या ठिपक्यात असतं. अशा वेळी मन काय काय उद्योग करतं ते आम्हाला आधी जमिनीवर बघायचं होतं.

त्यात सगळ्यात वाईट भाग बोलण्याचा. यान जितकं लांब, तितका निरोप पोचायला उशीर. पहिले काही दिवस फोनसारखं बोलता आलं. मग उशीर वाढत वाढत पार वीस-एक मिनिटांवर गेला, म्हणजे "कसे आहात" विचारलं की "बरे आहोत" ऐकायला पाऊण तास. खरं तर यान आमच्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर होतं. मध्ये एक तुरीचं शेत. पण संगणक निरोप अडवून धरायचा आणि वेळ झाली की सोडायचा. तुरीला खुरपणाऱ्या बायका मला हसायच्या. "ताई, हाक मारा की, ऐकू जातंय." मी म्हणायची, "बाई, खऱ्या मंगळाच्या वाटेवर मी कुठं शेतात उभी राहणार?"

आत गेलेले तिघं. कॅप्टन इरफानभाई उदगीरचे, जन्म मालवाहू जहाजांवर गेलेला, शांत माणूस, मला आपा म्हणायचे. नागेश इस्लापूरचा, इंजिनिअर, हाताला कायम काहीतरी काम लागायचं, नाहीतर भांडण लागायचं. आणि प्रज्ञा, लातूरजवळच्या मुरुडची, डॉक्टर. तिच्याबद्दल सावकाश सांगते, कारण ही गोष्ट तिचीच आहे.

आमच्या कचेरीत मी आणि शिंदेकाका, रेडिओवर आयुष्य काढलेला माणूस. यानातले लोक आम्हाला "जमीन" म्हणायचे. "जमीन, ऐकताय का." "ही जमीन डोक्यावर पडलीय." हे दुसरं वाक्य जास्त वेळा यायचं.

शिव्यांचं शास्त्र सांगते. तीन माणसं कोंडली की त्यांना एकमेकांचा राग येणारच. पण तिथं राग दाखवला तर पुढचे सगळे महिने त्याच माणसाच्या शेजारी झोपायचं असतं. म्हणून तो राग खाली जमिनीवर येतो. जगभर हे असंच चालतं, त्यात उदगीरचं विशेष काही नाही. विशेष एवढंच की मी त्याचा उपयोग करायला शिकले.

झालं असं, की इरफानभाईंना भाजलेले फुटाणे खायची सवय. चावायचे कडाकडा. दोन महिन्यांनी नागेशचा निरोप आला, "ताई, मी ऐकून राहिलो, ऐकून राहिलो, आता डोक्यात फुटाणेच फुटून राहिले. एक तर ह्यांचे फुटाणे बंद करा, न्हाई तर माझे कान." तिकडे इरफानभाईंचा वेगळा निरोप, "आपा, परेशान नका होऊ, पण ह्या पोराच्या हातातला पाना एखाद्या दिवशी मी कचऱ्यात टाकणार." आता दोघांना उपदेश केला असता तर दोघांनाही एकमेकांवर राग धरून बसायला नवं कारण मिळालं असतं. मी शिंदेकाकांना म्हटलं, एक हुकूम सोडा. उद्यापासून तिघांनी रोज सकाळी आपापले मोजे तपासून कुठल्याला भोक पडलंय ते जमिनीला कळवायचं.

काय भडकले तिघं. प्रज्ञानं मला मुरुडच्या बाजारात ऐकलेल्या सगळ्या शिव्या शुद्ध उच्चारात वाहिल्या. नागेशनं मोज्यांवर कविता केली, ती छापण्यासारखी नाही. इरफानभाई, ज्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, ते म्हणाले, "आपा, तुमच्या डोक्याचा स्क्रू ढिल्ला झालाय, नागेशला खाली पाठवू का?" आणि आतल्या कॅमेऱ्याच्या संध्याकाळच्या चित्रात बघते तर नागेश फुटाणे खात बसलेला, इरफानभाईंच्या वाटीतले. आठवड्यानं मी मोज्यांचा हुकूम मागे घेतला. पुढे जेव्हा जेव्हा आत धुसफुस वाढायची तेव्हा मी एखादा येडपट हुकूम काढायची. तिघांचा राग एकवटून माझ्यावर आला की त्या रात्री मला छान झोप लागायची.

तेव्हापासून माझं मोजमाप ठरलं. शिव्या येतायत ना, मग पोरं बरी आहेत.

चुका आम्हीही केल्या. नागेशला गावच्या पाण्याच्या आवाजाची आठवण यायला लागली. इस्लापूरजवळ सहस्रकुंडाचा धबधबा आहे, त्याच्या आवाजात हा लहानाचा मोठा झालेला. आत आवाज कसला, तर पंख्याची घरघर. मी मोठ्या हौसेनं एकाला धबधब्यावर पाठवून चांगला दीड तासाचा आवाज भरून आणला आणि यानात सोडला. दुसऱ्या दिवशी कॅप्टनचा तातडीचा निरोप. "आपा, बंद करा. संडास एकच हाय आणि रांग मोडून राहिली." संडासाबद्दल एकदाच बोलेन म्हटलं होतं, ते हे.

एकदा गावात लग्न निघालं. वरात नेमकी माळाच्या कडेनं, बॅन्जो, ढोल, सगळं. पत्रा जाड असला तरी बॅन्जोपुढे काय टिकतं? आता इतक्या महिन्यांचा प्रवास फुकट जाणार म्हणून आम्ही डोक्याला हात लावून बसलो. वीस-एक मिनिटांनी निरोप आला, इरफानभाईंचाच. "जमीन, यानाच्या डाव्या अंगाला वरात दिसते. वाट द्यावी का हॉर्न मारावा?" मागून तिघांचं हसू. त्यांनी ठरवलं होतं की मंगळाकडे चाललोय तर चाललोय. स्वतःच्या मनानं धरलेलं असं घट्ट धरणारी माणसं मी फार थोडी पाहिली.

आता प्रज्ञा.

तिचे वडील, अण्णा, यांचं मुरुडला ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. बोलका माणूस. भीमजयंतीला माइक हातात आला की पुढचे वक्ते चहा पिऊन येतात असं प्रज्ञा सांगायची. दात असे की सोड्याच्या बाटलीचं झाकण दातानं उघडायचे आणि उसाचं कांडं सोलून पोरांना वाटायचे. लेक डॉक्टर झाली, मग हे आभाळाचं वेड घेतलं, तेव्हा भावकी हसली पण अण्णा म्हणाले, "जाऊ द्या वर. खाली राहून कुणाचं भलं झालंय?" हा प्रवास पुरा करणाऱ्यांची नावं पुढच्या, खऱ्या निवडीसाठी सुचवली जाणार होती. प्रज्ञा तेवढ्यासाठीच आत गेली होती.

आत जाण्याआधी मी तिघांना एक प्रश्न विचारला होता. घरी काही वाईट झालं तर सांगायचं की परत आल्यावर? हा प्रश्न विचारावाच लागतो. इरफानभाई म्हणाले, परत आल्यावर. नागेशनं डोकं खाजवलं आणि तुम्हीच ठरवा म्हणाला. प्रज्ञा मात्र टेबलावर हात आपटून म्हणाली, "सांगायचं. काय बी झालं तरी त्याच दिवशी सांगायचं." आणि तिनं कारण सांगितलं. ती लातूरला वसतिगृहात राहून प्रवेश परीक्षेची तयारी करत होती तेव्हा तिची आजी आजारी होती. रोज घरी फोन करायची, आजीला द्या म्हणायची, आणि घरचे म्हणायचे, आजी शेतात गेलीय. परीक्षा झाली, पेढे घेऊन घरी गेली, तर ओसरीच्या भिंतीवर आजीचा फोटो, फोटोला हार, आणि हारही सुकलेला.

मला यात नवं काही वाटलं नाही. वसतिगृहाच्या कचेरीत असे किती फोन मी घेतले असतील. "मॅडम, पोराला कळू देऊ नका, पेपर होऊस्तवर." आमच्या मराठवाड्यात ही रीतच पडून गेलीय. मायेपोटी करतात, लेकराचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून करतात. मी भांडायची त्यांच्याशी. काही ऐकायचे, बरेच नाही ऐकायचे. पण पोरं खुळी नसतात. आपल्याला सांगत नाहीत हे एकदा कळलं की पुढे आयुष्यभर फोनवर घरच्यांचा श्वास मोजतात. म्हणून मी प्रज्ञाला शब्द दिला. मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही, आणि जे माझ्या डोळ्यांनी पाहिलं नाही ते खरं म्हणून सांगणार नाही.

घरून आठवड्याला एक चित्रफीत यायची. मुरुडच्या चित्रफितीत अण्णांशिवाय कुणाला जागाच नसायची. वीज गेली, शेजाऱ्याच्या बैलानं कुंपण तोडलं, मिलिंद म्हणजे प्रज्ञाचा भाऊ गाडी कशी हाणतो, तक्रारींचा पाढा. प्रज्ञा ती फीत तीन-तीनदा बघायची.

अर्धा प्रवास कधीच मागे पडला होता. हा काळ सगळ्यात अवघड. सुरुवातीचा उत्साह संपलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो. नेमकं तेव्हाच एका आठवड्याला फितीत अण्णा दिसले नाहीत. प्रज्ञाची माय पदर सावरत म्हणाली, "अण्णा शेतात गेलेत." मी ऐकलं आणि पुढच्या कामाला लागले. पुढच्या आठवड्याला पुन्हा तेच. तिसऱ्या आठवड्याला मिलिंद एकटाच होता. "अण्णा शेतात हायत, बरे हायत, काळजी करू नको," आणि घाईनं फीत बंद.

इकडे प्रज्ञाच्या शिव्या थांबल्या. मी मुद्दाम एक येडपट हुकूम काढला, रोज उशीची लांबी-रुंदी कळवा म्हणून. नागेश आणि कॅप्टन भडकले. प्रज्ञाचा निरोप आला, "ठीक आहे ताई. धन्यवाद." त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा आवाज आला. शांत होता. "ताई, तुम्ही शब्द दिला व्हता. अण्णा न्हाईत, मला कळलंय. लोक लपवतात तेव्हा काय म्हणतात ते मला पाठ हाय. संध्याकाळच्या निरोपात मला खरं कळलं न्हाई तर मी दार उघडणार."

दाराला कुलूप नव्हतंच. माणसाला कोंडून ठेवायचा हक्क कुणालाच नाही, म्हणून आतून एक लाल दांडी होती, खाली ओढली की दार उघडलं. पण एकदा उघडलं की प्रवास संपला, तिघांचाही. इतके महिने काढलेले इरफानभाई, नागेश, आणि जिनं डॉक्टर झाल्यापासून हे एकच मागितलं ती पोरगी, सगळ्यांच्या मेहनतीचं पाणी.

मी मिलिंदला फोन लावला. म्हटलं, अण्णांना दे.

"शेतात गेलेत, ताई."

"शेतात मोबाइल लागतो ना? जाऊन दे."

"ते बोलत न्हाईत सध्या."

"बोलत नाहीत म्हणजे?"

"म्हणजे..." तो म्हणाला, "बोलत न्हाईत." आणि फोन कट.

आता सांगा, असं ऐकल्यावर माणसानं काय समजायचं? शिंदेकाका म्हणाले, "ताई, बरे आहेत म्हणून कळवून टाका. पोरगी आत थांबेल तरी." मी म्हटलं, "काका, मी पाहिलं का त्यांना?" मग मीच निरोप दिला, "प्रज्ञा, मी स्वतः मुरुडला निघालेय. जे दिसेल ते संध्याकाळी सांगेन. जसं असेल तसं." एवढंच खरं माझ्याजवळ होतं. संस्थेची गाडी घेतली आणि निघाले. जाताना गाडी तुरीच्या शेताशेजारून गेली. यानाच्या भिंतीवर थाप मारून त्या पोरीला काहीतरी, काहीही सांगावं असं फार वाटलं. पण सांगायला होतं काय?

उदगीर ते लातूर, लातूर ते मुरुड, सगळ्या रस्त्यानं मी वाक्यं जुळवत होते. वाईट बातमी कशी सांगायची हे मी दुसऱ्यांना शिकवत आलेली बाई, पण वीस मिनिटांच्या अंतरावरून कशी सांगायची? सांगितल्यावर हात धरता येत नाही. आपण बोलून मोकळे होतो आणि तिचं मात्र आपल्याला दिसेपर्यंत रडून डोळे पुसूनही झालेलं असतं. या धंद्यातली हीच गोष्ट मला कधी जमली नाही, आणि कुणाला जमेल असं वाटत नाही.

मुरुडला घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात ट्रॅक्टरचं चाक पडलेलं, दारात निळा झेंडा. आत शिरताना पहिली नजर गेली ओसरीच्या भिंतीवर. बुद्धाची तसबीर, बाबासाहेब, आणि हार घातलेली एक म्हातारी. आजी. चौथा फोटो नव्हता. मी भिंत पुन्हा एकदा नीट पाहिली.

माय पाण्याचा तांब्या घेऊन आली. "बसा ताई. लांबून आलात."

"अण्णा कुठं आहेत?"

"शेतात गेलेत," ती म्हणाली, इतक्या सवयीनं की तिचं तिलाच कळलं नाही. आणि त्याच वेळी आतल्या खोलीतून कुणीतरी खोकलं.

मी विचारलं नाही, सवरलं नाही, सरळ आत गेले. बाजेवर अण्णा बसलेले. धडधाकट. फक्त मळणीच्या वेळी धुळीसाठी बांधतात तसा टॉवेल नाकातोंडावर बांधलेला, आणि पुढ्यात दुधात कुस्करलेली भाकर. मला बघून ते बाजेखाली शिरतात की काय असं वाटलं. बाज ठेंगणी होती म्हणून वाचले.

"अण्णा, टॉवेल काढा."

मानेनं नाही. लहान पोरासारखं.

"काढा म्हणते ना."

काढला. वर एक दात नाही, खाली एक दात नाही. सोड्याची झाकणं उघडणारं ते तोंड पार मोकळं झालेलं. हिरड्या सडल्या होत्या, लातूरच्या दाताच्या डॉक्टरनं सगळे काढून टाकले होते. कवळी बसवायला हिरड्या भरून याव्या लागतात, तोवर असंच.

मी तिथंच पोत्यावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडू आलं, मग पुन्हा हसू. माय घाबरून दुसरा तांब्या घेऊन आली.

"लेकीला काऊन सांगितलं न्हाई?" मी विचारलं. मुरुडच्या ओसरीत बसलं की माझीही भाषा बदलते.

अण्णा बोलायला लागले. अर्धे शब्द तोंडातून नुसती हवा होऊन बाहेर पडत होते, म्हणून मिलिंद मध्ये मध्ये सांगत होता. "ती डॉक्टर हाय. दहा वर्सं झाली मागं लागलीय, तंबाखू सोडा, तंबाखू सोडा. जाताना मी तिला सांगितलं व्हतं, सोडली. आता हे तोंड दाखवलं तर वरून बोलंल. सगळ्या दुनियेसमोर बोलंल. कवळी बसली की दिसलो आसतो की."

"आणि फोनवर का नाही बोललात?"

"हे आसं बोलू?" त्यांना खरंच लाज वाटत होती. माइकवरचा माणूस.

मग मी सांगितलं. म्हटलं, "अण्णा, तुमची लेक तुम्हाला मेलेलं समजून बसलीय. आज संध्याकाळी दार उघडून बाहेर येणार आहे."

"मला? मेलेलं? काऊन?"

"तुम्ही शेतात गेलात म्हणून."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांची नजर दारातून ओसरीवर गेली, त्यांच्या आईच्या फोटोवर. मिलिंद डोकं धरून उंबऱ्यावर बसला. "ताई, माझ्या ध्यानातच आलं न्हाई. तोंडात बसलेलं वाक्य हाय. कुणी विचारलं की तेच येतं."

अण्णा उठले. तोंड धुतलं, केस विंचरले, पांढरा शर्ट घातला. माय टॉवेल पुढे करत होती तो बाजूला सारला. "लावा तुमचा मोबाइल," म्हणाले.

मी समोर धरला. अण्णांनी कॅमेऱ्याच्या पार जवळ येऊन आ वासला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाले, आणि आता मिलिंदची गरज नव्हती कारण ते सावकाश, एकेक शब्द धरून बोलत होते, "प्रज्ञे, जय भीम. बघ. हे सगळे गेले. मी हाय. तंबाखू सोडली म्हणून खोटं बोललो व्हतो, आता सोडली. आता चघळायलाच काय न्हाई. तुला बोलायचं ते बोल, पर दार उघडू नको. आन दुसरं म्हंजी, त्या शेजाऱ्याच्या बैलानं पुन्हा कुंपण तोडलंय." पुढे सगळा बैलच होता. मी थांबवलं नाही. त्या पोरीला तो बैलच हवा होता.

मी फीत शिंदेकाकांना पाठवली, त्यांनी ती यानाच्या वाटेला लावली. आता थांबणं आलं. अंगणात चहा झाला. अण्णा चाकावर बसून आभाळाकडे बघत होते.

"कुठवर गेलं आसंल ताई?"

खरं म्हणजे निरोप उदगीरच्या माळावर एका खोलीत संगणकात अडकलेला होता. पण मी म्हटलं, "चंद्र मागे पडला असेल."

जरा वेळानं पुन्हा. "आन आता?"

"आता बरंच पुढं."

"लई लांब गेली पोरगी," ते म्हणाले.

मग पोचला असेल अशी वेळ झाली, आणि मग उलट येण्याची. शिंदेकाकांनी फोनवर एकच वाक्य सांगितलं, "ताई, दाराचा दिवा अजून हिरवाच आहे, दार बंद आहे." थोड्या वेळानं फोनवर तिचं चित्र आलं. प्रज्ञा लाल दांडीखाली जमिनीवर बसलेली, तिच्या एका बाजूला इरफानभाई, दुसऱ्या बाजूला नागेश. तिचे डोळे सुजलेले. नाक ओढून म्हणाली, "अण्णा, तोंड अजून उघडा. डाव्या बाजूची हिरडी नीट दिसंना." अण्णांनी मोबाइलपुढे खरंच तोंड उघडलं. ही नुसती आलेली फीत आहे, तिला काही दिसत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

मग ती माझ्याकडे वळली. म्हणजे कॅमेऱ्याकडेच, पण मला कळलं. "आन शोभाताई, तुमच्या त्या उशीच्या लांबी-रुंदीचं..." आणि पुढे जे सुरू झालं ते अण्णांसमोर ऐकायला मलाच संकोच वाटला. एकही शिवी राहिली नाही. मी चहाचा दुसरा कप मागितला.

इरफानभाई शेवटी म्हणाले, "आपा, तिनं दांडी ओढली असती तर आम्ही अडवणार नव्हतो. तेवढं ठरलं व्हतं आमचं." नागेश फुटाणे चावत होता.

उरलेले महिने गेले. अहवाल झाला, जाडजूड. त्यात "कौटुंबिक संपर्कातील खंड" म्हणून एक ओळ आहे, दातांचा उल्लेख नाही. त्या यानात सध्या गावातल्या कुणाचं तरी सोयाबीन भरलेलं असतं, ते बघून मला जरा वाईट वाटतं. प्रज्ञा पुढच्या निवडीसाठी गेली आहे. मला खऱ्या अर्थानं आभाळात कुणी नेणार नाही, गुडघेही नको म्हणतात.

पण दार उघडलं तो दिवस सांगायचा राहिला. माळावर अख्खं गाव लोटलं होतं, तेच बॅन्जोवाले होते. अण्णा पुढे उभे, नवी कोरी कवळी लावून, पांढरीशुभ्र, ओठ मिटत नव्हते. तिघं बाहेर आले, उन्हानं डोळे मिटत, हात कपाळावर धरून. प्रज्ञानं गर्दीवरून नजर फिरवली. मायेवर थांबली, मिलिंदवर थांबली, अण्णांवरून पुढे गेली. ती शोधतच राहिली. तिचा चेहरा उतरायला लागला.

अण्णांनी तोंडात बोटं घातली, कवळी काढली, शर्टाच्या खिशात टाकली आणि हसले.

ती धावत सुटली.